बदके पाळावीत काय?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, क्षमावणीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून गेल्या ५० वर्षांत अनेक त्यागी, पंडित आणि विद्वान प्राध्यापक बोलून गेले. मी त्यांच्या पंक्तीत बसणारा नव्हे. बी.कॉम.ची पदवी घेतली आणि वडिलांनी दुकानाच्या गादीवर बसविले, तेव्हापासून कापड मोजणे आणि हिशेब लिहिणे एवढेच माझे शास्त्र. संयोजकांनी मला ‘जीवदया’ हा विषय दिला. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून त्यातील एक अगदी लहान, घरगुती प्रश्न मी निवडला आहे. तो प्रश्न गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीने मला विचारला. प्रश्न असा, की आपण बदके पाळावीत काय?

विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आले आहे, ते मला दिसते. प्रथम मीही हसलो होतो.

प्रसंग असा घडला. आमच्या कॉलनीतील एका गृहस्थांची परगावी बदली झाली. त्यांनी मुलांच्या हौसेखातर तीन वर्षांपूर्वी बदकांची पिल्ले आणली होती. त्यांपैकी दोन माद्या उरल्या होत्या. नव्या ठिकाणी त्यांना चौथ्या मजल्यावरची सदनिका मिळाली. बदके कोणी घेतली नाहीत तर ती बाजारात विकावी लागतील, असे ते म्हणाले. बाजारात तीन वर्षांची बदके कोण घेतो आणि कशासाठी घेतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. सुटीसाठी आलेल्या नऊ वर्षांच्या नातीच्या कानी हे गेले आणि तिने घरात येऊन सांगितले, “आजोबा, ती दोन्ही आपण आणू या.”

माझी कन्या, म्हणजे तिची आई, तेथेच भाजी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “आजोबांना विचार, आमचे बदक कुठे उडून गेले ते.”

बंधू-भगिनींनो, आज क्षमावणीचा दिवस आहे. म्हणून ते बदक कुठे गेले, हे मी प्रथम सांगणार आहे.

सन १९९३ मधील गोष्ट. कन्या तेव्हा सात वर्षांची होती. आठवडी बाजारात एक जण टोपलीत पिवळीधमक पिल्ले घेऊन बसला होता. मुलीने हट्ट धरला आणि मी दोन पिल्ले घेतली. किंमत इतकी क्षुल्लक होती की ती मी वहीतही लिहिली नाही. टॉवेलच्या रिकाम्या खोक्यात त्यांचे घर झाले. पाव, चुरमुरे आणि भिजवलेली डाळ हे त्यांचे अन्न झाले. पहिले पंधरा दिवस घरात उत्सव होता. मुलगी जिकडे जाई तिकडे ती पिल्ले तिच्या पावलांमागे धावत. पुढे शाळा सुरू झाली, माझा लग्नसराईचा माल आला आणि पिल्ले गच्चीवर गेली. पावसाळ्यात एका नातेवाइकांच्या शेतावरून शेंगदाण्याच्या पेंडीचे पोते आले होते. पेंडीला बुरशी आली होती. जनावरांना चालते तर पक्ष्यांनाही चालेल, असे समजून मी तीच घातली. आठ दिवसांत एक पिल्लू गेले.

दुसरे एकटे राहिले. ते दिवसभर आणि पुष्कळदा रात्रीही ओरडे. शेजाऱ्यांनी तक्रार केली. मग एका संध्याकाळी मी त्याला कापडी पिशवीत घातले, स्कूटरला पिशवी अडकविली आणि गावाबाहेरच्या तलावावर सोडून आलो. मुलीला सांगितले, की ते उडून आपल्या मंडळींकडे गेले. तीन दिवसांनी मी एकटाच पुन्हा तलावावर गेलो. काठाच्या बाभळीखाली पांढरी पिसे पसरली होती. कुत्र्यांनी मारले की मुंगसाने, ते कळले नाही. घरी येऊन मी कोणालाही काही बोललो नाही.

मुलगी महाविद्यालयात गेल्यावर एकदा सहज म्हणाली, “बाबा, तसले पांढरे बदक उडत नसते.” मी विषय बदलला. त्या गोष्टीला आता तीन तपे होत आली. हिंसा तर झालीच होती, वर असत्यही होते. यंदा नातीसमोर मला तिसऱ्यांदा विषय बदलता आला नाही. मी दोघींनाही खरे ते सांगितले. नात बराच वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, “मग या वेळी आधी सगळे विचारून घेऊ या.” लहान मुलीने सांगितलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. माल घेण्याआधी पोत पाहावा, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. जीव घरी आणताना मात्र मी स्वतः पोत पाहिला नव्हता.

त्यानंतर आम्ही दोघांनी पशुवैद्यक डॉक्टरांना भेटून आणि पुस्तके चाळून जी माहिती मिळविली, ती थोडक्यात सांगतो.

आपण पाळतो त्या बहुतेक बदकांचा मूळ पुरुष मॅलार्ड नावाचे हिरव्या डोक्याचे रानबदक होय. माणसाने हजारो वर्षे निवड करीत त्याला जड केले. पांढरे पेकिन बदक मांसासाठी, तर खाकी कॅम्पबेल अंड्यांसाठी वाढविले गेले. शरीर जड झाले आणि उडणे सुटले. म्हणजे, उडून जाण्याची शक्ती माणसानेच काढून घेतलेला हा पक्षी आहे. त्याला तलावावर सोडून देणे म्हणजे मुक्त करणे नव्हे, हे मला १९९३ साली कळले नव्हते.

पिल्ले मुलीमागे का धावत, त्याचेही कारण आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलते दिसेल, त्याला ते पिल्लू आपली आई मानते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी हंसजातीच्या पिल्लांवर याचा दीर्घ अभ्यास केला. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला तो खेळ वाटतो, पण पिल्लाच्या दृष्टीने ते नाते असते. शिवाय बदक हा कळपाचा जीव आहे. एकटे बदक ओरडते ते खोडकरपणाने नव्हे. आमच्या गच्चीवरचे ते पिल्लू काय म्हणत होते, हे मला आता समजते.

पाणी हा तिसरा मुद्दा. बदकाला पोहण्याएवढे पाणी नसले तरी निदान मान बुडविण्याएवढे खोल पाणी रोज लागते. त्याशिवाय त्याचे डोळे आणि नाकपुड्या स्वच्छ राहत नाहीत, आणि कोरडे अन्न त्याला पाण्यावाचून नीट गिळता येत नाही. ते पाणी अर्ध्या दिवसात चिखलासारखे होते. आपण उजनीच्या पाण्यावर जगणारे लोक आहोत, आणि नळाला पाणी येण्याचा वार लक्षात ठेवणाऱ्या पिढ्या आपल्याकडे झाल्या आहेत. माझ्या मातोश्री दुहेरी मांजरपाटाने पाणी गाळून जिवाणी जपून विहिरीत परत सोडीत. त्या घरात रोज टबभर गढूळ पाणी गटारात ओतायचे काय, हा प्रश्न मला टाळता आला नाही.

अन्नाविषयी डॉक्टरांनी जे सांगितले, त्याने मी अस्वस्थ झालो. पावाने पोट भरते, पण पोषण होत नाही. पिल्लांना नायासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक लागते. ते न मिळाल्यास पाय वाकतात. आणि बुरशी आलेली पेंड तर विषच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता कारण निघाले खाद्यातील बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाची पिल्ले या विषाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या जीवांत मोडतात. माझ्या पिल्लाची तपासणी कोणी केली नव्हती. पण डॉक्टर बोलत असताना मला ते पोते डोळ्यांसमोर दिसत होते.

आयुष्याचाही हिशेब केला पाहिजे. नीट सांभाळलेले बदक आठ-दहा वर्षे जगते. सात वर्षांच्या मुलासाठी आणलेले पिल्लू त्याच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत घरात राहणार. हौस पंधरा दिवसांची आणि जबाबदारी दहा वर्षांची, असा हा व्यवहार आहे. त्यात आजाराचा धोका वेगळाच. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळली. अशी साथ आली की ठरावीक परिसरातील पाळीव पक्षी नष्ट करण्यात येतात. घरचे लाडके बदक त्यातून सुटत नाही.

आता शास्त्राकडे वळतो. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, ते आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी मला वाटे, की हे गाडीवानांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी असावे. कापड व्यापाऱ्याच्या दारात बैल कुठला? परंतु बदकांच्या निमित्ताने मी एकेक शब्द तपासला. अपुऱ्या जागेत कोंडणे हा बंध झाला. उडून जाऊ नये म्हणून पिल्लाच्या पंखाचा सांधाच कापण्याची रीत काही ठिकाणी होती व आहे, तो छेद झाला. योग्य अन्न व पाणी न देणे हा अन्नपाननिरोध झाला. मी १९९३ साली चाबूक उगारला नव्हता, तरी पाचांपैकी दोन अतिचार माझ्या गच्चीवर घडले होते.

आणखी एक गोष्ट पाहून आश्चर्य वाटले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपल्या देशाचा कायदा १९६० सालचा आहे. मारणे, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, अवयव तोडणे, अतिभार लादणे, मालकाने अन्नपाणी व निवारा न देणे, हे सर्व त्याच्या अकराव्या कलमात अपराध म्हणून आले आहे. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हाही त्यात अपराध आहे. म्हणजे माझी ती स्कूटरवरची संध्याकाळ कायद्याच्याही नजरेतून निर्दोष नव्हती.

येथे काही बंधू म्हणतील, की आपण तर जीव सोडविण्यासाठी विकत घेतो. ते पुण्यच आहे. हा मुद्दा नाजूक आहे. आपल्या भावनेचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी पांजरापोळ स्थापन केली. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय चालते. ही आपली अभिमानाची परंपरा आहे. पण या संस्थांची रीत पाहा. त्या आधी जागा, चारा, वैद्य आणि निधी यांची तरतूद करतात, मग जीव आत घेतात.

बाजारातून विकत घेऊन सोडण्याचा हिशेब निराळा आहे. तो मी व्यापारी म्हणून सांगतो. माझ्या दुकानात एका रंगाचा ताका खपला की दुसऱ्या दिवशी त्याच रंगाची ऑर्डर जाते. गिऱ्हाइकाने तो शिवण्यासाठी नेला की दान करण्यासाठी, हे माझी वही विचारत नाही. टोपलीतली पिल्ले मी दयेने घेतो. विक्रेता ती विक्री म्हणून मोजतो आणि पुढच्या आठवड्यात दोन टोपल्या आणतो. गुलाबी, हिरव्या रंगात बुडविलेली पिल्लेही आपण जत्रेत पाहिली असतील. तो रंग आपल्या मुलांच्या डोळ्यांसाठी असतो. शिवाय अंड्यांसाठी वाढविलेल्या जातीत नर पिल्लाला फारशी किंमत नसते. मग त्याचे काय होते, हे विचारल्याशिवाय मादीचे पिल्लू विकत घेणे हा अर्धाच हिशेब होय. रानपक्षी पकडणे आणि विकणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. ते विकत घेऊन सोडणारा मनुष्य पकडणाऱ्याचा धंदा चालविण्यास हातभार लावतो.

म्हणून नातीला मी पहिला नियम सांगितला. पिल्लू विकत घ्यायचे नाही. जत्रेतून नाही, आठवडी बाजारातून नाही, दयेपोटीही नाही.

परंतु समोरच्या दोन माद्यांचे काय? त्या आधीच या जगात होत्या आणि त्यांच्यासाठी कोणी पैसे मोजणार नव्हते. त्यांना नकार देणे हाही एक निर्णयच होता. त्याचे फळ सुरीखाली होते. येथे माझा हिशेब तीन दिवस अडला.

सर्वांत कठीण प्रश्न अंड्यांचा होता. बदकाची मादी नराशिवायही अंडी घालते. खाकी कॅम्पबेल जातीच्या मादीकडून उत्तम व्यवस्थेत वर्षाला ३०० पर्यंत अंडी मिळतात. त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, म्हणून काही लोक त्याला शाकाहारी म्हणतात. आपल्या घरात ते चालणार नाही. विकावे तर त्याचा पैसा घरात येतो. कोणाला फुकट द्यावे तर आपण त्याच्या आहाराचे निमित्त होतो. तसेच ठेवावे तर सडते आणि मुंगूस, साप यांना बोलावणे जाते. सौभाग्यवतींनी स्पष्ट सांगितले, “अंडे माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.” त्यांचे म्हणणे मला मान्य होते. तेवढ्यासाठी दोन जीव मरू द्यावेत, हे मात्र मान्य होईना.

अखेर मार्ग निघाला. माझा भाचा गावापासून काही अंतरावर शेती करतो. त्याच्याकडे शेततळे आहे, रात्रंदिवस राहणारे गड्याचे कुटुंब आहे. त्याला मी पाच अटी घातल्या, आणि त्या लिहून काढल्या; कारण तोंडी व्यवहारावर माझा विश्वास नाही. पहिली, दोन्ही माद्या एकत्र राहतील आणि नर आणला जाणार नाही. दुसरी, रात्री मुंगूस व कुत्रे शिरणार नाही अशी पक्की जाळीची खोली बांधली जाईल. तिसरी, बुरशीचा वास येणारा दाणा त्यांना घातला जाणार नाही. चौथी, अंडी रोज उचलून झाडाच्या आळ्यात खोल पुरली जातील. विकली किंवा वाटली जाणार नाहीत. पाचवी, अंडी देणे थांबले तरी त्या तेथेच राहतील आणि त्यांचा खर्च त्यांच्या मरणापर्यंत मी, माझ्यामागे माझी कन्या देईल.

शेततळ्याविषयी एक सूचना येथे मुद्दाम देतो. अनेकांच्या शेतात आता प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली तळी आहेत. त्या गुळगुळीत उतारावरून पाण्यात उतरलेल्या जनावराला वर येता येत नाही. बदकही दमून बुडू शकते. भाच्याने दोन बाजूंना काथ्याच्या दोरीची जाळी अंथरून वर येण्याची वाट केली. गडी सांगतो, की त्या वाटेने आता बेडूक आणि सरडेही वर येतात. बदकांच्या निमित्ताने इतर जीवांचीही सोय झाली.

तरी सर्व शंका मिटल्या, असे मी म्हणणार नाही. बदक गोगलगायी आणि किडे खाते, तो त्याचा स्वभाव आहे. त्या शेतात मी त्याला ठेवले, म्हणून तेथील किड्यांच्या हिंसेत माझा वाटा किती, हे मी एका त्यागी महाराजांना विचारले. ते म्हणाले, की प्रश्न मनात जागा ठेव; उत्तराची घाई करू नकोस. मी तो जागा ठेवला आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या ट्रस्टचा आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त होणाऱ्या बालउद्यानात छोटे कुंड करून त्यात बदकांची जोडी सोडावी, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना प्रेमाने केलेली आहे, मुलांना आनंद व्हावा हाच तिचा हेतू आहे. तरीही माझी विश्वस्तांना हात जोडून विनंती आहे, की ती स्वीकारू नये. सिमेंटच्या कुंडातले पाणी दोन दिवसांत घाण होईल. मुले पावाचे तुकडे टाकतील. जोडी आणली तर पिल्ले होतील, त्यांतले नर आपसांत भांडतील, माद्यांना जखमा करतील. उद्यानाचे कुलूप लागल्यावर रात्री त्यांना कोण पाहणार? उद्घाटनाच्या छायाचित्रात ती शोभून दिसतील. दहा वर्षांच्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी एक ओळही नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी सुचवितो. उद्यानात उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी उथळ पाण्याची परळे ठेवावीत, आणि ती रोज धुण्याचे काम पाठशाळेच्या मुलांकडे पाळीने द्यावे. दुसरे, थंडीत एक रविवार मुलांची सहल उजनीच्या काठी, भिगवणला न्यावी. तेथे हळदी-कुंकू बदक पाहायला मिळते. त्याच्या चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा आणि बुडाशी कुंकवाचा लाल रंग असतो. तेथेच दूर उत्तरेकडून आलेला नारिंगी रंगाचा चक्रवाक दिसतो. तो बदकांच्याच कुळातला. आपल्या दिगंबर परंपरेत पाचवे तीर्थंकर भगवान सुमतिनाथ यांचे लांछन चकवा, म्हणजे हाच पक्षी मानतात. श्वेतांबर परंपरेत ते क्रौंच आहे. मंदिरातील मूर्तीच्या पायथ्याशी कोरलेला तो जीव मुलांना मोकळ्या पाण्यावर दाखवावा. त्याला घरी आणण्याची गरज पडणार नाही.

बदके पाळावीत काय, या प्रश्नाचे माझे उत्तर आपण ऐकले. हौसेसाठी पाळू नयेत. विकत तर मुळीच घेऊ नयेत. दारी आलेल्या निराधार जीवासाठी जागा, पाणी, सोबत, वैद्य आणि दहा वर्षांचा खर्च यांची तरतूद असेल, तर त्याला आश्रय द्यावा. तरतूद नसेल तर ज्याच्याकडे ती आहे त्याचा शोध घ्यावा.

त्या दोन्ही माद्या भाच्याच्या शेतावर खुशाल आहेत. नात दर रविवारी दूरध्वनीवरून त्यांची चौकशी करते. कन्येने मात्र त्या दिवसानंतर १९९३ चा विषय काढलेला नाही. ती आज या सभागृहात बसली आहे. तिची, आणि ज्यांना माझी भाषा कळत नव्हती त्या दोन पिल्लांची, मी आपणा सर्वांच्या साक्षीने मनःपूर्वक क्षमा मागतो.

 उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.